आठ लाख शब्द आणि एक फाइल: जुन्या गेममधला मजकूर बाहेर कसा काढायचा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसाच जवळपास ठेवलाय.)

आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण कोडिंग येत नसलं तरी चालेल. जुन्या रोल-प्लेइंग गेम्समधले संवाद, वस्तूंची वर्णनं, डायरीतल्या नोंदी हे सगळं बाहेर काढून वाचायचं कसं?

आधी, काढायचं तरी कशाला? 'प्लेनस्केप: टॉरमेंट' घ्या. ब्लॅक आयल स्टुडिओजचा 1999 चा गेम. त्यात सुमारे 8 लाख शब्द आहेत असं सांगतात. नायकाला मरण नाही आणि मागचं काही आठवतही नाही. मारामारीपेक्षा बोलणंच जास्त. आणि तुमच्या पात्राची बुद्धी किंवा शहाणपण कमी असेल, तर कित्येक उत्तरं स्क्रीनवर येतच नाहीत. म्हणजे गेम संपवला तरी बरंच वाचायचं राहून गेलेलं असतं.

आता कामाला लागू. हा गेम इन्फिनिटी इंजिनवर चालतो. 'बाल्डर्स गेट' आणि 'आइसविंड डेल' हेसुद्धा त्याच घरातले. या सगळ्यांचा मजकूर डायलॉग डॉट टीएलके नावाच्या एका फाइलमध्ये असतो. तिची रचना अगदी सरळ आहे. सुरुवातीला 18 बाइट्सचा हेडर, त्यात एकूण किती वाक्यं आहेत तो आकडा. मग प्रत्येक वाक्यासाठी 26 बाइट्सची नोंद: आवाजाची फाइल कोणती, मजकूर कुठून सुरू होतो, किती लांब आहे. आणि शेवटी खुद्द मजकूर. पायथॉनच्या वीसेक ओळींत सगळं बाहेर येतं.

एक गोष्ट सांभाळा. जुनी इंग्रजी आवृत्ती असेल तर एन्कोडिंग विंडोज-1252, आणि नवी एन्हान्स्ड एडिशन असेल तर यूटीएफ-8. चुकीचं निवडलंत तर काही चिन्हांच्या जागी भलतंच काहीतरी दिसेल. जुन्या श्रीलिपीतली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडल्यावर काय होतं, आठवा. तोच प्रकार.

चला, मजकूर मिळाला. झालं काम? नाही. खरं काम इथून पुढे आहे.

कारण हातात आलंय ते नुसतं वाक्यांचं पोतं. प्रत्येकाला नंबर आहे, पण कोण कोणाला बोलतंय, कधी बोलतंय, काहीच कळत नाही. तो संदर्भ वेगळ्या, डीएलजी प्रकारच्या फाइल्समध्ये असतो. तिथे वाक्यं नसतात, फक्त नंबर आणि अटी: 'हे उत्तर दाखवायचं, पण बुद्धी इतक्यापेक्षा जास्त असेल तरच.' या फाइल्स मोठ्या बीआयएफ गठ्ठ्यांमध्ये बांधलेल्या असतात आणि कुठे काय आहे याची सूची चिटिन डॉट की या फाइलमध्ये.

हे हाताने सोडवत बसू नका. निअर इन्फिनिटी नावाचं मोफत, ओपन सोर्स साधन आहे. जावावर चालतं, त्यामुळे कंप्युटर लागेल. गेमचा फोल्डर दाखवला की अख्खं संभाषण फांद्याफांद्यांनी उलगडून दिसतं, अटींसकट. दुसरं साधन वायडू. ते डीएलजी फाइलची साध्या टेक्स्टमध्ये फोड करून देतं.

मराठी माणसाला पटेल अशी एक गंमत सांगतो. 'बाल्डर्स गेट'मध्ये नायक पुरुष किंवा बाई, कोणीही असू शकतो. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. पण काही भाषांमध्ये आपल्या 'आलास'-'आलीस'सारखा फरक करावा लागतो. त्या आवृत्त्यांत डायलॉग-एफ नावाची दुसरी टीएलके फाइल असते: नंबर तेच, वाक्यं स्त्रीलिंगी. तुमच्याकडे अशी आवृत्ती असेल तर दोन्ही फाइल्स काढा, नाहीतर अर्धंच हाती लागेल.

आता हे सगळं महत्त्वाचं का? 2002 च्या 'आइसविंड डेल 2' चा मूळ सोर्स कोड सापडलाच नाही, म्हणून बाकीच्या गेम्सच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्या बीमडॉगला याची आवृत्ती काढता आली नाही. कोड गेला. पण मजकूर वाचला, कारण तो लोकांच्या घरातल्या सीडींवर होता आणि तो वाचायचा कसा हे चाहत्यांनी आधीच बाइट-बाइट करून लिहून ठेवलं होतं. त्या दस्तऐवजाचं नाव आयईएसडीपी. त्याच माहितीच्या जोरावर जेमआरबीसारखं स्वतंत्र ओपन सोर्स इंजिन मूळ फाइल्स वाचून हे गेम्स चालवतं. ऑफिसात डॉक्युमेंटेशन लिहायला आपल्याला कंटाळा येतो ना? इथे त्यावर अख्खे गेम्स तगलेत.

आणि हो, गेम विकत घेतलेला असू द्या. काढलेला मजकूर स्वतःच्या वाचनासाठी आणि अभ्यासासाठी ठेवा. अख्खी फाइल नेटवर टाकू नका, लेखन त्यांच्या मालकीचं आहे. तुम्ही लिहिलेली स्क्रिप्ट, बनवलेली सूची, काढलेला तक्ता मात्र बिनधास्त शेअर करा. पुढच्या माणसाला कामाला येतं ते हेच.

या वीकेंडला एवढंच करून बघा: निअर इन्फिनिटीत 'टॉरमेंट' उघडा, मॉर्ट या तरंगणाऱ्या कवटीचं एखादं संभाषण शोधा आणि खेळताना तुम्हाला न दिसलेली उत्तरं मोजा. आकडा मला कळवा. भेटू पुढच्या भागात!