शेवटचं पान फाडू नका

पेण-रोह्याकडून येणाऱ्या पत्रांतला प्रश्न ठरलेला असतो : माळ्यावर रशियन पुस्तकांचा गठ्ठा सापडला, किती पैसे येतील? ही ‘रशियन’ पुस्तकं म्हणजे सोव्हिएत काळात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं. ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ ती काढत, मुंबईचं लोकवाङ्मय गृह विकत असे. या भागात ती निघावीत यात नवल नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला. पुढे शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा गावोगाव पोचला. पण राजकारणाशी सुतराम संबंध नसलेल्यांनीही ही पुस्तकं घेतली, कारण ती स्वस्त होती, चित्रं देखणी होती, आणि खिडकीतून लापशी ओतून देणारा, द्रागुन्स्कीच्या गोष्टींतला देनिस कुठल्याही मुलाला आवडतोच.

पैशांचं नंतर. आधी पुस्तक उलटं करून शेवटचं पान बघावं. तिथे बारीक रशियन अक्षरांत छपाईचा तपशील असतो : मजकूर छपाईला कधी गेला, किती प्रती निघाल्या, किंमत काय. लिपी येत नसली तरी आकडे वाचता येतात. पुस्तक कुठल्या छपाईचं, हे ठरवायला याहून भक्कम पुरावा नाही. आणि नेमकं हेच पान घरोघर नाहीसं होतं. कुणी त्यावर किराण्याचा हिशेब करतं, कुणी ‘कळत नाही’ म्हणून फाडतं, बाइंडर ते सरळ पुठ्ठ्याला चिकटवून टाकतो. मुखपृष्ठ जपणारे शहाणे लोकसुद्धा हे पान घालवतात! ऐकता ऐकता कुणी पुस्तक बांधायला काढलं असेल, तर सुई-दोरा खाली ठेवावा. बाइंडरलाही बजावावं : शेवटचं पान मोकळं राहिलं पाहिजे.

चिनी मातीच्या भांड्यांचे संग्राहकही आधी बशी उलटी करतात. पेत्रोग्रादचा झारचा कारखाना १९१८ मध्ये सरकारजमा झाला, तेव्हा तिथे न रंगवलेल्या पांढऱ्या बश्या पडून होत्या. चित्रकारांनी त्यांवरच क्रांतीच्या घोषणा रंगवल्या. त्यामुळे वर कोयता-हातोडा आणि तळाशी झारची हिरवी मुद्रा, अशाही बश्या मिळतात. काहींवर ती मुद्रा रंगाच्या ठिपक्याखाली झाकलेली असते. नकली माल बराच असल्याने जाणकार चित्रावर भाळण्याआधी तळ तपासतो.

पुस्तकं जपण्याबद्दल बाकीचं थोडक्यात. सेलोटेप लावू नये. कडक उन्हात वाळवू नये. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नये, बुरशी धरते. कसर लागलेलं पुस्तक वेगळं ठेवावं. आत कुणाचं नाव, बक्षिसाचा शिक्का असेल तर खोडू नये.

आता पैसे. मॉस्कोत छापलं म्हणून प्रत्येक पुस्तक दुर्मीळ होत नाही, आणि पानं गळालेली प्रत संग्राहक सहसा हातात धरत नाही. म्हणून पुढच्या पत्रासोबत मुखपृष्ठाचा फोटो नको. तो प्रस्तुत वक्त्याकडे ढिगाने आहे. शेवटच्या पानाचा पाठवावा, आकडे दिसतील असा.