परक्या गावातील शेजार

(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



धर्मग्रामाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानितो. आम्ही वक्ते नव्हेत. वसईच्या मातीत फुलझाडे लावणारे शेतकरी आहोत. फुलांच्या कामानिमित्तच आम्हां उभयतांस ब्राझील देशातील होलाम्ब्रा या लहानशा शेतकरी गावी काही काळ राहण्याचा योग आला. परका म्हणून राहणे म्हणजे काय, याविषयी तेथे जे उमगले, तेवढेच आपणांपुढे ठेवितो.

हे गाव साऊं पाउलो राज्यात, कांपिनास शहराजवळ आहे. वस्ती सुमारे 15,000. ते मुळी परक्यांनीच वसविले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 साली, हॉलंडमधील कॅथलिक शेतकरी कुटुंबे येथे आली. हॉलंड, अमेरिका व ब्राझील या तीन नावांचे आरंभ जोडून त्यांनी वसाहतीचे नाव ठेविले. मायदेशीच्या दुभत्या गाई त्यांनी जहाजातून आणिल्या होत्या. परंतु उष्ण हवा व तेथील रोग यांपुढे त्यांतील पुष्कळ दगावल्या. काही कुटुंबे निराश होऊन निघून गेली. उरलेल्यांनी सहकारी संस्थेच्या आधाराने निरनिराळी पिके करून पाहिली, ग्लॅडिओलसचे कंद लाविले, आणि हळूहळू फुलांनी त्यांस तारिले. आज त्या देशातील फुलांच्या व्यापाराचे हे एक मोठे केंद्र आहे. 1981 सालापासून तेथे फुलांचे मोठे प्रदर्शन भरते, आणि 1991 साली लोकांनी मत देऊन आपले गाव स्वतंत्र नगर करून घेतले.

गाईंची गोष्ट येथे संपत नाही. ब्राझीलच्या उन्हाला व गोचिडांना टिकली ती आपल्या हिंदुस्थानातून नेलेली वशिंडाची गुरे. गुजरातच्या गीर गाईचा व हॉलंडच्या होल्स्टीन गाईचा संकर करून तेथे जिरोलांदो नावाची दुभती जात तयार झाली. 1996 साली तिला सरकारी मान्यता मिळाली. तिकडच्या गोठ्यात गीरचे लांब कान पाहिले, तेव्हा आम्हांस आपले कोणी माणूस भेटल्यासारखे वाटले.

कारण प्रथम आम्ही फार एकटे होतो. करक्रमांक मिळेपर्यंत बँकेत खाते नाही, नावावर टेलिफोन नाही. दुकानात गेले तर तोंड असून मुके! नाताळ ऐन उन्हाळ्यात, आणि जूनमध्ये, जेव्हा आपल्याकडे मृगाच्या सरी कोसळतात, तेव्हा तेथे थंडी. परंतु त्याच थंडीत संत अंतोनी, संत योहान व संत पेत्र यांच्या सणांच्या शेकोट्या पेटल्या, आणि शेजारच्या वृद्ध बाई आमच्या दारी पामोन्या घेऊन आल्या. ओला मका किसून, त्याच्याच सालीत बांधून शिजविलेला तो पदार्थ. साल सोडताच आम्हांस हळदीच्या पानातील पातोळीची आठवण झाली. बाईंनी ओट्यावर बसून एकेका वस्तूचे नाव सांगावयास आरंभ केला, तेव्हा पाव, चावी, पगार, बादली हे शब्द थोड्याफार उच्चारभेदाने ओळखीचेच निघाले. वसईवर 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळाचा ठेवा तिसऱ्याच खंडात असा उपयोगी पडेल, हे कोणास ठाऊक होते?

त्या बाईंनी आमच्यासाठी काही मोठे कार्य केले असे नव्हे. त्यांनी वेळ दिला, आणि आमच्या चुकीच्या उच्चारांस हसल्या नाहीत. पुढे रविवारी मिस्सानंतर त्या आम्हांस दाराशी थांबवून इतरांची ओळख करून देऊ लागल्या. त्या दिवसापासून गाव आम्हांस आमचे वाटू लागले.

होलाम्ब्रात 2008 साली उभारलेली एक उंच पवनचक्की आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘एक झालेले लोक’ असा आहे. परक्यांनी वसविलेल्या गावास हे नाव शोभते. परंतु नाव देणे सोपे, आणि नव्या माणसास बाकावर सरकून जागा देणे कठीण.

म्हणून, बंधुभगिनींनो, एक विनंती करितो. कामधंद्यासाठी परप्रांतातून आलेली कित्येक कुटुंबे आज आपल्याच मंदिरात शेवटच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच मुकाट्याने निघून जातात. त्यांची नावे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहेत? आपली मुलेही आज दूरदेशी कोणाच्या तरी दारी परकी आहेत, आणि त्यांस कोणी हाक मारावी म्हणून आपण रोज रात्री प्रार्थना करितो. या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक घराने अशा एका तरी कुटुंबास आपल्या पंक्तीस बसवावे. प्रभूने परक्याच्या रूपाने आपणांस भेटण्याचे वचन दिले आहे. तो शेवटच्या बाकावरून तसाच परत जाऊ नये.