विमान घरी बनवता येतं का?

 

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला एकीची नववीतली पोरगी आली होती. तिने मध्येच विचारलं, "मावशी, विमान घरी बनवता येतं का?" आम्ही सगळ्या हसलो. हसायला कारणही होतं. त्याच खोलीत मागच्या भिंतीला आमच्या गटाचं मिरची कांडप यंत्र तीन खोक्यांत बांधून पडलं होतं. कर्जाचा पहिला हप्ता भरून झाला होता. जोडून देणारा फिटर "उद्या येतो, उद्या येतो" म्हणत होता, त्याला बावीस दिवस झाले होते. इथे कांडप यंत्र जोडलं जाईना आणि पोरगी विमानाचं विचारतेय!

पण आम्ही रेडिओवाल्या. प्रश्न आला की उत्तर शोधल्याशिवाय झोप येत नाही. उत्तर मिळालं ते असं : हो, येतं.

दक्षिण आफ्रिकेत २०१९ साली मेगन वर्नर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने पुढाकार घेतला आणि वीस मुलामुलींनी मिळून चार माणसांचं विमान जोडलं. सुटे भाग कारखान्यातून आले, जोडायचं काम पोरांनी केलं. एकट्या माणसाला तीन हजार तास लागतील एवढं ते काम. वीस जण लागले म्हणून तीन आठवड्यांत उरकलं. इंजिन आणि आतली विजेची उपकरणं मात्र जाणकारांनी बसवली, तिथे पोरांना हात लावू दिला नाही. मग ते विमान घेऊन पोरं केपटाउनहून कैरोला निघाली. आफ्रिकेच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, बारा हजार किलोमीटर. त्यांच्यातल्या सहा जणांनी विमान चालवायचा परवाना काढला होता.

आता हे काम असतं कसं, ते सांगतो. आम्हाला त्यातच जास्त गोडी वाटली, कारण त्यातलं निम्मं आपल्या ओळखीचं निघालं.

अशा सुट्या भागांच्या संचाला किट म्हणतात. खोक्यांतून ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे येतात, जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. बऱ्याच किटमध्ये पत्र्यांना भोकं आधीच पाडलेली असतात. एक पत्रा दुसऱ्यावर ठेवायचा, भोकावर भोक जुळवायचं आणि त्यात स्प्रिंगच्या छोट्या चिमट्या अडकवायच्या. या चिमट्या म्हणजे आपला कच्चा टाका. ब्लाउज आधी कच्चा शिवून अंगाला लावून बघतो ना, अगदी तसं. मग सगळं पुन्हा सुटं करायचं, प्रत्येक भोकाची कड घासून साफ करायची आणि परत जोडायचं. कशासाठी? भोकाच्या कडेला धातूची बारीक कूस राहिली, तर पुढे तिथूनच पत्र्याला चीर पडते. एका विमानाला हजारो रिव्हेट लागतात. म्हणजे हजारो भोकं, आणि प्रत्येकाची कड दोन्ही बाजूंनी घासायची. आमच्यातली एक म्हणाली, "हे तर तांदूळ निवडण्यासारखं झालं. कंटाळलं की खडा राहतो."

रिव्हेट ठोकायला बऱ्याचदा दोघं लागतात. एक बाहेरून हवेच्या दाबाचा हातोडा मारतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा धरून बसतो. दोघांचा मेळ बसला नाही तर पत्र्याला पोचा येतो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींना हे वेगळं सांगायला नको.

काही विमानांचे पंख कापडाचे असतात, हे ऐकून आमच्या शिलाईवाल्या उठूनच बसल्या. पॉलिस्टरचं खास कापड सांगाड्यावर चिकटवतात आणि इस्त्री फिरवतात. उष्णतेने कापड आकसतं आणि ढोलकीच्या कातड्यासारखं ताणून बसतं. मग लांब सुईने, मजबूत दोऱ्याने ते आतल्या पट्ट्यांना शिवून घेतात. किती अंतरावर टाका घालायचा तेही ठरलेलं. वाऱ्याने कापड उचकटू नये म्हणून.

नटबोल्ट किती आवळायचा त्याचंही माप असतं, त्याचा पाना वेगळा. आवळून झालं की नट आणि बोल्ट दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. एवढी साधी युक्ती! आमच्या गावच्या पाण्याच्या मोटारीला कुणी हे का केलं नाही?

सगळं झालं की तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून विमानाचा तोल काढतात. शेपूट जड झाली तर विमान वर गेल्यावर आवरत नाही. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी घेऊन चालणाऱ्या बाईला तोल म्हणजे काय ते ठाऊक आहे.

अमेरिकेत याचा नियम असा, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, तरच ते घरगुती विमान. सरकारी तपासणी होते. नंतर बहुधा चाळीस तास ठरलेल्या भागातच उडवून बघायचं, हौसेचा पाहुणा त्यात बसवायचा नाही. आणि ज्याने बांधलं त्याला दरवर्षी तपासणी करायचा दाखला मिळू शकतो. बांधणाऱ्याला कागद मिळतो, हे आम्हाला फार आवडलं. आपल्याकडे यंत्र बाई चालवते आणि कागदावर नाव नवऱ्याचं.

आता दुसरी बाजू. किटची किंमत वेगळी, इंजिन वेगळं, पुढचा पंखा वेगळा. सगळं मिळून होतं त्यात गावात शेत येईल. २०२३ साली अमेरिकेतली एक मोठी किट कंपनी अडचणीत आली. लेसरने कापलेल्या काही भागांना जोडताना भोकांपाशी चिरा पडू लागल्या. कंपनीने वर्षअखेरीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आधार घेतला आणि आधी पैसे भरून बसलेल्या लोकांना वाढीव भाव मोजावे लागले. अनामत भरून वाट बघत बसणं म्हणजे काय, ते तेव्हा आमच्याइतकं कुणाला कळणार!

आपल्याकडचं उदाहरणही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं. तेही किट न घेता. २०१६ साली ते क्रेनने खाली उतरवावं लागलं. नोंदणी झाली २०१७ मध्ये आणि उडवून बघायची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. बांधायला वर्षं गेली, तशी कागदांनाही गेली. सरकारी परवानगीशिवाय कुणीही विमान उडवायचं नाही, हे ऐकणाऱ्या पोरांनी नीट ध्यानात ठेवावं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. सांगून झाल्यावर कुणी बोलेना. सगळ्या त्या खोक्यांकडे बघत होत्या. शेवटी गटाची अध्यक्ष उठली आणि तिने विळ्याने दोरी कापली.

माहितीचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते त्या पोरीने वाचलं, आम्ही पाने धरले. बोल्ट ताटात मापाप्रमाणे मांडले. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, ते सूत ताणून बघितलं. पहिल्यांदा पट्टा उलटा बसला, पुन्हा काढला. रात्री साडेदहाला जोडून झालं आणि ताटात एक बोल्ट उरला. काहीजणी म्हणाल्या, जास्तीचा असेल. पोरगी ऐकेना. पुन्हा पुस्तक काढलं, तर तो मोटारीच्या बैठकीचा चौथा बोल्ट होता. तो बसवून नखाला लावायच्या रंगाने सगळ्या नटांवर रेघा ओढल्या. बटण मात्र आम्ही दाबलं नाही. सकाळी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, मगच यंत्र सुरू केलं.

कांडप सकाळी आठपासून सुरू असतं. मिरच्या चांगल्या वाळवून, देठ काढून आणा. ओल्या असल्या तर परत पाठवू. आणि रेघांना कुणी हात लावायचा नाही.