विजेचा जमाखर्च

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात बोलावयाचे म्हणजे संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवचरित्र यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा प्रघात आहे. मी मात्र आज आपणांपुढे विजेचा हिशेब मांडणार आहे. मी अभियंता नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि टिपणे, तक्ते व अंदाजपत्रके यांच्या सहवासात तीन दशके काढली. या सेवेने एक सवय मात्र लावली : कोणतीही रक्कम जमेकडे दिसली की ती कोणाच्या नावे खर्ची पडली, हे पाहावयाचे. विजेकडेही मी त्याच दृष्टीने पाहतो. येथे मांडीन ती मते माझी वैयक्तिक आहेत, सरकारची नव्हेत, हेही प्रारंभीच सांगून ठेवतो.

आपण सारे पोटापाण्यासाठी गाव सोडून या व्हाइटफील्डमध्ये आलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविलेली ही शांत शेतवस्ती आज संगणकाच्या जोरावर उभी आहे, आणि संगणक विजेच्या. ही वीज येते कोठून? इतिहास थोडा मागे चाळला तर उत्तर मोठे बोधप्रद मिळते. म्हैसूर संस्थानाने १९०२ साली कावेरीवर शिवनसमुद्र येथे वीज निर्माण केली, ती सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे आले ते १९०५ मध्ये. आपल्या महाराष्ट्रातही तोच क्रम दिसतो. खोपोलीचे टाटांचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे मुळशीस धरण बांधावयाचे ठरले तेव्हा १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. सत्याग्रह मोडला, पन्नासच्या आसपास गावे बाधित झाली, आणि १९२७ मध्ये भिरा येथील जनित्रे फिरू लागली. स्वातंत्र्यानंतर कोयनेने महाराष्ट्राच्या उद्योगांना बळ दिले. परंतु धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे आणि दशकानुदशके रेंगाळलेले पुनर्वसन यांची कथा आपल्यातील पाटण-कऱ्हाडकडील मंडळींना मी सांगावयास नको.

तात्पर्य, उजेड एका ठिकाणी पडतो आणि त्याची किंमत दुसरेच कोणी चुकते करते. आपण शहरवासी या वहीच्या जमेच्या बाजूस आहोत. खर्चाच्या बाजूस कोण आहे, हे आपल्या बिलावर छापलेले नसते.

म्हणून काय वीज निर्माण करू नये? तसे म्हणणारा मी नव्हे. भारतीय माणसाचा दरडोई वीजवापर आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ज्या घरात आताच कोठे पंखा आला आहे, त्या घराला काटकसरीचे कीर्तन ऐकविणे हा उद्धटपणा होईल. देशाला आणखी वीज लागणारच. प्रश्न एवढाच, की आधी नवी वीज निर्माण करावयाची, की आधी वाया जाणारी वाचवावयाची? रांजणाला भोक असेल तर शहाणी गृहिणी प्रथम भोक बुजविते, मग आडाकडे जाते.

यावर पुष्कळजण हसून म्हणतात, “अहो, दात कोरून का पोट भरते?” त्यांना मी एकच उदाहरण देतो. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली. साध्या ६० वॉटच्या दिव्याचे काम ९ वॉटचा एलईडी दिवा करतो. परंतु तो महाग होता. सरकारी यंत्रणेने लक्षावधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदविताच, जो दिवा २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपयांस पडत होता त्याची खरेदी-किंमत २०१६ मध्ये चाळीस रुपयांच्याही खाली आली. पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, आणि त्यामुळे देशाच्या सर्वोच्च मागणीत नऊ हजार मेगावॉटहून अधिक घट झाली, असा सरकारी अंदाज आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे जवळजवळ पाच कोयना उभ्या राहिल्या, आणि या पाच कोयनांसाठी एकही गाव उठवावे लागले नाही!

हा विचार याच शहरातही आग्रहाने मांडला गेला, याचा आपणांस अभिमान वाटावा. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांनी साधा प्रश्न विचारला : लोकांना युनिटे हवी असतात की उजेड, गार वारा, गरम पाणी आणि शेताला पाणी? हवे आहे ते काम. मग ते काम कमीत कमी खर्चात कसे होईल, तेथून नियोजनास आरंभ करा. कर्नाटकासाठी १९८७ मध्ये सरकारी समितीने आखलेल्या प्रचंड आराखड्यापुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्यायी आराखडा ठेवला आणि निम्म्याहून कमी विजेत गरजा भागू शकतात, असे दाखविले. पुण्यात ‘प्रयास’ या संस्थेच्या गिरीश संत व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रापुरते असेच काम केले. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा करार राज्याला पेलणार नाही, हे त्यांनी आकडे मांडून सांगितले, तेव्हा ऐकणारे थोडे होते. प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यात बंद पडला. वीज घ्या वा न घ्या, पैसे मात्र मोजा, अशा अटीने मागणीच्या फुगीर अंदाजावर करार केला की काय होते, याचा हा धडा प्रत्येक नियोजनकाराने पाठ करावा.

आता आपल्या घरात येऊ. व्हाइटफील्डमधील आपल्या इमारतींत पहाटे सहा ते नऊ या वेळात सर्वाधिक वीज कशाला लागते? स्नानाच्या पाण्याला. एक बादली पाणी तापविण्यास साधारण अर्धा युनिट लागतो. रोज पाच तास जळणारा ९ वॉटचा दिवा तेवढ्या विजेत अकरा दिवस जळेल. आता गंमत पाहा. रायचूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाणी उकळावयाचे, त्याच्या वाफेने वीज करावयाची, त्यात कोळशातील दोन तृतीयांश ऊर्जा गमवावयाची, उरलेली तारांतून शेकडो किलोमीटर आणावयाची, आणि येथे तिने पुन्हा पाणीच तापवावयाचे! याहून मोठा द्राविडी प्राणायाम कोणता?

कोणी म्हणेल, आता सौर वीज आली. आली खरीच, तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथे २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे, आणि तेथील जमीन शेतकऱ्यांकडून हिरावून न घेता भाड्याने घेतली आहे, ही मुळशीच्या मानाने मोठीच सुधारणा म्हणावी. परंतु पहाटे सहा वाजता पावगड्यातही सूर्य नसतो. त्या वेळचा गीझर मुख्यतः कोळशावर वा धरणाच्या पाण्यावर चालतो. उलट, गच्चीवरचा सौर बंब कालच्या उन्हाने तापलेले पाणी आज पहाटे देतो. आजीच्या तांब्याच्या बंबाचा हा नातू अधिक शहाणा आहे. त्याला लाकूडही लागत नाही. बंगळूर शहराने या बंबांत देशात आघाडी घेतली होती. वीस-वीस मजली मनोऱ्यांना गच्ची पुरत नाही, हे खरे. तेथे हवेतील उष्णता ओढून पाणी तापविणारी यंत्रे बसविता येतात. ती एका युनिटात सुमारे तीन युनिटांचे काम करतात.

मग ती बसत का नाहीत? कारण जो विकत घेतो तो बिल भरत नाही, आणि जो बिल भरतो त्याला विकत घेण्याचा अधिकार नाही. बांधकाम करणारा स्वस्तातला गीझर व स्वस्तातला पंखा बसवून मोकळा होतो. भाडेकरू वर्षानुवर्षे बिल भरतो. येथे उपदेश उपयोगी पडत नाही, कायदा लागतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या, हे योग्यच झाले. आता अंमलबजावणी काटेकोर हवी.

दुसरे मत अप्रिय वाटेल. कर्नाटक शासनाने २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ योजनेने घरगुती ग्राहकांना महिना २०० युनिटांपर्यंत वीज मोफत देण्यास आरंभ केला. गरीब घरातील माउलीच्या हाती त्यामुळे चार पैसे राहिले, याचे मला समाधानच आहे. परंतु सुस्थित घरालाही तीच सवलत का असावी? जेथे किंमत शून्य, तेथे काटकसरीचे बक्षीसही शून्य. त्याच पैशातून गरिबाच्या घरी ७५ वॉटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॉटचा नवा पंखा द्यावा. वर्षातून तीनशे दिवस, रोज बारा तास तो चालला तर दीडशेहून अधिक युनिटे वाचतात. मदत पंख्याच्या आयुष्यभर टिकते आणि तिजोरीवरचा भारही दरसाल हलका होतो.

शेवटी, मंडळाच्या सभासदांना एक विनंती. आपणांपैकी अनेकजण आपापल्या गृहसंस्थांच्या समित्यांवर आहात. येत्या सर्वसाधारण सभेत सणाच्या रोषणाईवर जितका वेळ चर्चा होईल, त्यातला निम्मा वेळ तरी गरम पाणी, जिन्यातले दिवे आणि पाण्याचे पंप यांच्या हिशेबाला द्या. इमारतीचे वर्षभराचे बिल फलकावर लावा. पन्नास वर्षे या मंडळाने मायबोलीचा दिवा परमुलखात तेवत ठेवला. मुळशीच्या आणि कोयनेच्या माणसांनी आपल्या घरातला दुसरा दिवा लावला आहे. त्यांचे ऋण आपल्याच्याने फिटणार नाही. निदान त्यांनी दिलेले तेल सांडू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.