वीरांची घरे आणि फटफट्यांची फेरी



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एका वयस्कर स्नेह्यांनी आम्हाला वाटेत गाठून विचारले, "अहो, वसंतात आम्ही ज्ञानेश्वरीवर ऐकतो, अर्थकारणावर ऐकतो, यंदा फटफटीवरही ऐकावयाचे काय?" प्रश्न रास्त होता. फटफटी म्हटली की धूर, गोंगाट आणि झोपमोड एवढेच आपल्याला आठवते. परंतु ज्या घरचा मुलगा रणांगणावरून परत आला नाही, त्या घराच्या दाराशी अमेरिकेत हीच फटफटी निराळ्या कामासाठी जाऊन उभी राहते. ते काम कोणते, ते कसे सुरू झाले आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आरंभ मात्र फटफटीपासून नव्हे, खिडकीपासून केला पाहिजे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. त्या वर्षी ओहायओ राज्यातील एका कॅप्टनने, ज्याचे दोन मुलगे सैन्यात होते, एक लहानसे निशाण तयार केले. भोवती लाल किनार, मध्ये पांढरी जमीन, आणि तिच्यावर घरातील प्रत्येक सैनिकामागे एक निळा तारा. निशाण दर्शनी खिडकीत टांगावयाचे. मुलगा पडल्याची बातमी आली की निळ्या ताऱ्यावर जरा लहान असा सोनेरी तारा शिवावयाचा, म्हणजे निळ्याची कड तेवढी दिसत राहते. पुढल्याच वर्षी तेथील स्त्रियांच्या समितीने सुचविले की, शोकाचा काळा वेष करण्याऐवजी दंडावर काळी पट्टी बांधावी आणि तिच्यावर सोनेरी तारा लावावा. अध्यक्ष विल्सन यांनी त्याला संमती दिली. तेव्हापासून अशा घरांना 'गोल्ड स्टार' कुटुंबे म्हणतात. १९२८ मध्ये या मातांनी आपली संस्था काढली, आणि १९३६ पासून सप्टेंबरातील शेवटचा रविवार त्यांच्या नावे पाळला जाऊ लागला.

मुलाचा मृत्यू ही घराची गोष्ट, पण त्याचा मान ही गावाची गोष्ट, असा या ताऱ्यामागचा विचार. विचार थोर खरा, पण तो आचरणात आणताना त्या देशाने एक मोठी चूक केली. तीही सांगितली पाहिजे. १९३० ते १९३३ या काळात सरकारने आपल्या खर्चाने साडेसहा हजारांहून अधिक माता आणि विधवा यांना युरोपातील थडग्यांच्या दर्शनासाठी नेले. मुलाची माती कोठे पडली हे आईने एकदा डोळ्यांनी पाहावे, यापरता मान तो कोणता? परंतु कृष्णवर्णीय मातांना निराळ्या आणि हलक्या प्रतीच्या बोटींतून नेण्याचे ठरले. कित्येक मातांनी जाण्यास नकार दिला. मुलगे एकाच युद्धात पडले होते. आयांना मात्र धक्क्यावर वेगळे काढले गेले. मान देणारा स्वतःच्या सोयीने मान देऊ लागला की त्या मानाचा अपमान कसा होतो, हे दाखवावयास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

आता फटफटीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पुष्कळ तरुणांना घरच्या शांततेत करमेना. त्यांनी मोटारसायकली घेतल्या, टोळ्या केल्या. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी त्यांनी घातलेला धुडगूस वृत्तपत्रांनी गाजविला, आणि कातडी जाकिटातला फटफटीवाला म्हणजे गुंड, असे समीकरण लोकांच्या मनात बसले. पुढे व्हिएतनामचे युद्ध आले. त्यातून परतलेल्या अनेकांचे स्वागत करावयास कोणी आले नाही. अशा माणसांना एकमेकांची सोबत या फटफटीने दिली.

१९८२ साली वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाचे स्मारक उभे राहिले. काळ्या दगडाची भिंत, आणि तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावे, ज्या क्रमाने माणसे पडली त्या क्रमाने कोरलेली. नातेवाईक तेथे येतात, नावावर कागद धरतात आणि पेन्सिल घासून ते नाव घरी नेतात. १९८८ मध्ये मृतांच्या स्मरणदिनाच्या सुटीत सुमारे अडीच हजार मोटारसायकली या भिंतीकडे निघाल्या. ज्यांचे प्रेतही मिळाले नाही, अशा सैनिकांचा शोध सरकारने सोडू नये, ही त्यांची मागणी होती. त्या फेरीचे नाव 'रोलिंग थंडर', म्हणजे गडगडत जाणारी मेघगर्जना. बेपत्ता सैनिकाच्या घराची अवस्था आपण मनात आणा. तेथे ना सोनेरी तारा शिववतो, ना निळा तारा खरा वाटतो. त्या घरांच्या वतीने हा गडगडाट होता. मूळ संस्थेची शेवटची फेरी २०१९ मध्ये निघाली, आणि पुढल्या वर्षापासून सैनिकांच्या दुसऱ्या एका संस्थेने ती परंपरा निराळ्या नावाने चालू ठेवली.

परंतु आमच्या मते या सगळ्या इतिहासात खरी शिकवण आहे ती २००५ सालची. इराकमध्ये पडलेल्या सैनिकांच्या अंत्ययात्रा गावोगाव निघत होत्या. कॅन्सस राज्यातील एका चिमुकल्या चर्चची मंडळी तेथे फलक घेऊन उभी राहत. सैनिकाचा मृत्यू ही देशाच्या पापांना देवाने दिलेली शिक्षा आहे, असे त्या फलकांवर लिहिलेले असे. मुलाला मूठमाती द्यावयास निघालेल्या आईच्या दृष्टीस ते पडावे! कॅन्ससमधीलच काही फटफटीवाल्यांना हे पाहवले नाही. त्यांनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. शोकाकुल माणसे आणि ते फलक यांच्यामध्ये ते राष्ट्रध्वज हाती धरून ओळीने उभे राहिले. पलीकडून घोषणा सुरू झाल्या की इंजिने गुरकावीत, म्हणजे आईच्या कानी ते शब्द पडत नसत. ज्या आवाजाला लोक कंटाळत होते, तोच आवाज येथे पडदा झाला.

एका सैनिकाच्या वडिलांनी त्या मंडळींवर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०११ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल वडिलांच्या विरुद्ध लागला. भाषणस्वातंत्र्य अप्रिय भाषणालाही असते, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याने तो निकाल योग्य असेल. पण जेथे कायद्याचा हात पोचत नाही तेथे शेजाऱ्याचा हात पोचावा लागतो. हे फटफटीवाले आपला एक नियम कटाक्षाने पाळतात. कुटुंबाने बोलाविल्याशिवाय ते जात नाहीत. दुःख ज्याचे, त्याचा शब्द शेवटचा. आम्हाला या एका नियमापुढे बाकीचा सारा थाट फिका वाटतो.

याच मंडळींत मग मदतीच्या फेऱ्या रूढ झाल्या. त्यांची रीत साधी आहे. सकाळी एका मैदानावर जमावयाचे, माणशी वर्गणी भरावयाची; डबलसीट बसणाऱ्याची वेगळी. पुढे वाट दाखविणारा, मागे मागे राहिलेल्यांना सांभाळणारा, आणि मध्ये दोन रांगांत, एकमेकांच्या अगदी शेजारी न येता, सर्वांनी चालवावयाचे. चौकात पोलीस वाट मोकळी करतात. शेवटी स्मारकापाशी गेलेल्यांची नावे वाचली जातात, मग जेवण, आणि गोळा झालेला पैसा कुटुंबांच्या निधीला जातो. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संस्थेची फेरी २००६ पासून निघते. ती कित्येक दिवस चालते. तिचा पैसा ११ सप्टेंबर २००१ नंतर सेवेत मृत्यू आलेल्या सैनिकांच्या मुलांच्या उच्च शिक्षणाला जातो. पुढे सेवेत मोठे अपंगत्व आलेल्यांची मुलेही त्यात घेतली गेली. बाप गेला तेव्हा जे मूल पाळण्यात होते, ते कॉलेजात जाईपर्यंत कोणीतरी त्याची आठवण ठेवली, असा याचा अर्थ.

यावर आक्षेप आहेत, आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. कोणी म्हणेल, हौस स्वतःची आणि नाव हुतात्म्याचे! कोणी विचारील, शंभर जमले आणि साठ जेवणावर, सदऱ्यांवर, बिल्ल्यांवर गेले, तर त्या आईच्या हाती काय पडले? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. आमची कसोटी अशी : बोलावणे कुटुंबाचे होते काय, हिशेब उघडा आहे काय, आणि फेरी संपल्यावर दुसऱ्या महिन्यात त्या दारी कोणी गेले काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर तो सन्मान, नाहीतर ती नुसती मिरवणूक.

हीच कसोटी आता आपण आपल्याला लावू. ७ डिसेंबरचा ध्वजदिन आपल्याकडे १९४९ पासून आहे. डब्यात नाणे टाकून आपण छातीला लहानसे निशाण लावतो, आणि संध्याकाळी ते सदऱ्याबरोबर धुण्यात जाते. वीरपत्नीला आपण व्यासपीठावर बोलावतो, शाल आणि श्रीफळ देतो. पण त्याच बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलावते काय? शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सुचविले. काळ्या वेषाच्या जागी सोनेरी तारा मागणाऱ्या १९१८ च्या स्त्रिया आणि हेरवाडचे गावकरी यांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही. पण दोघांचे सांगणे एकच आहे. जिने देशासाठी माणूस दिला तिला समाजाने दुःखाची खूण लावू नये, मानाची लावावी. आणि वीरपत्नीपुरतेच का? प्रत्येक विधवेला तो न्याय मिळाला पाहिजे.

आपण उद्या फटफट्या काढाव्यात असे सांगावयास आम्ही आलो नाही. ती त्यांची रीत. त्यांच्या लांब रस्त्यांना ती शोभते. आपल्याला दोन गल्ल्या ओलांडून पायी जाता येते. आपल्या तालुक्यातही अशी घरे असतील. तेथे एकदा विचारून जावे. फार बोलू नये. मुलाचे नाव निघाले तर ऐकावे. मुलांच्या फीचा, पेन्शनच्या कागदाचा प्रश्न निघाला तर तो उचलावा. आणि पुढल्या वर्षी, कोणी हार घेऊन जात नसेल तेव्हा, पुन्हा जावे.