फिटची गोळी, पाकिटातला कागद आणि कोर्ट

फिट थांबवणारं व्हॅल्प्रोएट मुळात औषध म्हणून जन्मलंच नाही. १८८२ साली तयार झालेलं हे आम्ल पुढे प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळवायच्या कामी येत होतं. १९६२ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात पिएर एमार हा संशोधक विद्यार्थी काही नव्या संयुगांची तपासणी करत होता. संयुगं बदलली तरी प्रयोगातल्या प्राण्यांची आकडी थांबतच होती. गुण संयुगांचा नव्हता, ती ज्यात विरघळवली होती त्या आम्लाचा होता! १९६७ मध्ये ‘डेपाकिन’ या नावाने ते फ्रान्सच्या बाजारात आलं, आणि आज आपल्याकडच्या गावोगावच्या मेडिकलमध्येही ते चिठ्ठीवर मिळतं.

औषध चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काही प्रकारच्या फिट्स त्याच्याइतक्या नीट दुसऱ्या कशाने आटोक्यात येत नाहीत. भांडण त्याच्या गुणाशी नाही. धोका कुणाला ठाऊक होता आणि कुणाला सांगितला गेला नाही, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या.

१९८२ मध्ये ल्यों इथल्या एलिझाबेथ रोबेर यांनी दाखवून दिलं, की गरोदरपणी हे औषध घेणाऱ्या बायकांच्या बाळांत पाठीच्या कण्याचं व्यंग जास्त आढळतं. पुढे चित्र आणखी गडद झालं. अशा शंभर बाळांपैकी सुमारे दहांना जन्मजात व्यंग (एरवी हे प्रमाण दोन-तीन), आणि तीस ते चाळीस मुलांना बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी. फ्रान्समधल्या मरीन मार्तां स्वतः डेपाकिन घेत होत्या. त्यांच्या दोन्ही मुलांना त्याची बाधा झाली. २०११ मध्ये त्यांनी अशा कुटुंबांची संघटना उभी केली. १९६७ ते २०१६ या काळात २,१५० ते ४,१०० मुलं व्यंग घेऊन जन्मली, असा अंदाज नंतर फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेनेच मांडला.

५ जानेवारी २०२२ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने डेपाकिन बनवणाऱ्या सनोफी कंपनीवर दक्षतेत आणि माहिती देण्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला. निकालातल्या तारखा नीट पाहण्यासारख्या आहेत: व्यंगांबाबत १९८४ ते जानेवारी २००६, वाढीतल्या अडचणींबाबत २००१ ते जानेवारी २००६. म्हणजे दोष धरला तो धोका कळल्यापासून तो पाकिटातल्या माहितीच्या कागदावर नीट येईपर्यंतच्या काळाचा. ‘आम्ही कागद बदलायला निघालो होतो, सरकारनेच वेळ लावला’, असा कंपनीचा बचाव होता. तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही, कारण २०२० मध्ये एका प्रशासकीय न्यायालयाने सरकारलाही जबाबदार धरलं होतं. कंपनीने निकालाविरुद्ध अपील केलं.

ब्रिटनमधली कथा जास्त कडू. तिथल्या औषध नियंत्रकांनी १९७३ मध्येच ठरवलं होतं, की धोका डॉक्टरांना कळवायचा. पाकिटातल्या कागदावर नको, रुग्ण वाचतील. पालकांचा सामूहिक दावा सुनावणीच्या तोंडावर आला असताना २०१० मध्ये सरकारी कायदेमदत काढून घेतली गेली आणि दावा कोसळला. २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने पालकांचं म्हणणं खरं ठरवलं. २०२४ मध्ये रुग्णसुरक्षा आयुक्त हेन्रिएटा ह्यूज यांनी प्रत्येक बाधिताला सुरुवातीला एक लाख पौंड द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे हातात पडलेले पैसे नव्हेत, हे सांगायला नकोच.

फिटच्या इतर गोळ्यांचंही आपापलं देणं असतं. १९३८ पासून वापरात असलेल्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात. वर्षानुवर्षं घेतल्यास हाडं ठिसूळ होतात, काहींचा चालताना तोल जातो. व्हिगाबॅट्रिनला ब्रिटनमध्ये १९८९ साली परवाना मिळाला, आणि त्याने नजरेचा घेर कडेने आखडत जातो हे १९९७ मध्ये उजेडात आलं. इतक्या हळू येणाऱ्या इजेचा रुग्णालाच पत्ता नसतो, तर ती कोर्टात कशी मांडायची?

आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांत करावी लागते. ही दोन वर्षं कधीपासून मोजायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये गोव्यातल्या एका परिचारिकेच्या प्रकरणात खुलासा केला. शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला कापडाचा बोळा नऊ वर्षांनी सापडला होता. इजा लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळली असती तेव्हापासून मुदत धरावी, असं न्यायालय म्हणालं. आणि इतकी वर्षं दुखणं सोसूनही चौकशी केली नाही म्हणून तिचा दावा मुदतबाह्य ठरवला. तत्त्व रुग्णाच्या बाजूचं, निकाल मात्र विरुद्ध.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल थेट कंपनीला जबाबदार धरण्याची सोय आली. पण कलम ८७ कंपनीला वाट ठेवतं: तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं उत्पादन असेल आणि त्या तज्ज्ञाला पुरेशी सूचना दिलेली असेल, तर कंपनी सुटू शकते. मग उरतो डॉक्टर. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाची मर्यादा आडवी येते. सगळ्यांवर फुकट उपचार करणारं रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. सरकारी दवाखान्यातून वर्षानुवर्षं फुकट गोळ्या नेणाऱ्याला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

शिवाय आपला दुकानदार पट्टी कातरीने कापून दहा गोळ्या हातात ठेवतो. कागद राहतो खोक्यात. ज्या कागदावरून पॅरिसमध्ये खटला उभा राहिला, तो आपल्या रुग्णाने पाहिलेलाच नसतो.

तेव्हा मंडळी, घरात कुणी फिटच्या गोळ्या घेत असेल तर कागद मागून घ्या, बिलं आणि चिठ्ठ्या तारखेनिशी जपा, त्रास सुरू झाला तो दिवस लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडून केसपेपरवर नोंदवून घ्या. दुष्परिणाम कळवायला केंद्राच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. मूल हवं असेल तर औषध बदलायचं का, हे दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. आणि हे सगळं ऐकून आज रात्रीची गोळी मात्र चुकवू नका. ती एकाएकी बंद केली तर लागोपाठ फिट्स येऊन जीवावर बेतू शकतं.