अधाशीपणा की आजार?

ज्या जालन्याच्या मुलुखाने १९७२च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढले, तेथे अति खाण्याच्या आजारावर बोलणे ही थट्टाच, असे कोणास वाटेल. पण पंगतीत पैजेने जिलब्या उठवणारा गडी आमच्या मनात नाही. तो चारचौघांत खातो आणि मिशीवर ताव देतो. आम्ही बोलतो आहोत ते निजानीज झाल्यावर फडताळापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी. भूक नसते, शिळी भाकरी, शेव, लाडू, हाती येईल ते भराभर पोटात जाते. थांबावेसे वाटते, थांबवत नाही. मग स्वतःचीच किळस येते. आठवड्यातून एकदा तरी, असे तीन महिने चालले, तर वैद्यक त्यास विकार म्हणते. अमेरिकेत डॉ. स्टंकार्ड यांनी १९५९ साली याचे वर्णन केले. तेथील मनोविकारांच्या सूचीत त्यास स्वतंत्र जागा मिळाली ती २०१३ साली!

आपण मात्र 'बकासुर' म्हणून मोकळे होतो, आणि वर सल्ला देतो : "उद्यापासून एकवेळ जेव." इथेच घात होतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण थट्टेची खरी, पण तीत मर्म आहे. १९४५ साली मिनेसोटात धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. पुढे अन्न मिळू लागल्यावर काही जण पोट भरले तरी थांबेनात. म्हणून मानसोपचारातले पहिले धडे उपासाचे नसतात. वेळेवर जेवण्याचे, आणि काय, कधी, कोणत्या मनःस्थितीत खाल्ले याचे टिपण ठेवण्याचे असतात. लाजेने डॉक्टरांकडे जाववत नसेल, तर १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीतून बोलता येते.